मुरमाड माळरानांची जमीन व तिची निगा

सोलापूर व सांगली जिल्ह्यांचा पूर्व भाग आणि त्यास लागून असलेला बेळगाव जिल्ह्यातील अथणीचा परिसर येथे विस्तीर्ण माळराने दृष्टीस पडतात. यांतील पुष्कळशी जमीन ‘पडीक’ म्हणून दुर्लक्षिली जाते. तथापि या अल्प पर्जन्याच्या टापूत गुरामेंढरांच्या चाऱ्याचा मोठा आधार हीच जमीन होय. तिचे गुणधर्म ध्यानात न घेता वापर झाल्यास हा आधार नाहीसा होतो.

जमिनीचे स्वरूप

ही जमीन काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्ट खडकाच्या विघटनापासून तयार झाली आहे. उतारावरील बारीक माती पावसाबरोबर सखल भागी वाहून गेली व माथ्यावर खडे आणि मुरूम उरला. मातीचा थर बहुधा वीतभरच असतो.

मृदाशास्त्रात २ मिलिमीटरहून मोठे कण खडे मानले जातात. खडे पाणी फारसे धरून ठेवीत नाहीत. मध्यम पोताची २० सेंटिमीटर खोल माती पिकास उपयोगी पडेल असे सुमारे ३ सेंटिमीटर पाणी साठविते. तीत निम्मे खडे असल्यास हा साठा दीड सेंटिमीटरवर येतो व पावसाने उघडीप देताच थोड्या दिवसांत संपतो. म्हणूनच येथे ज्वारी करपते. परंतु खडकाच्या फटींत मुळे घालणारे बहुवर्षायू गवत तग धरते.

पृष्ठभागावरील खडे मात्र उपकारक आहेत. ते पावसाच्या थेंबांचा मार झेलतात व बाष्पीभवन कमी करतात. ते सरसकट वेचून काढल्यास उघडी पडलेली माती लवकर धुपते.

गवतावरून परीक्षा

डबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी पवन्या व मारवेल या गवतांचा प्रकार दख्खनच्या पठारावर आढळतो. चांगल्या माळावर पवन्या व डोंगरी, तर किंचित खोल जमिनीत मारवेल वाढते. अतिचराईने ही गवते मागे पडून कुसळी माजते. तिची पक्व कुसळे मेंढ्यांच्या तोंडास व लोकरीस उपद्रव देतात. पुढे कुसळीही विरळ होऊन उघडा मुरूम दिसू लागतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह माळावर जाऊन ही परीक्षा अवश्य करावी.

निगा कशी राखावी

१. उथळ, उताराचा माळ नांगरू नये. एकदा मोडलेले गवत पुन्हा बसण्यास अनेक वर्षे लागतात.

२. गायरानाचे तीन-चार भाग करून ते पाळीपाळीने चारावेत. एक भाग दरवर्षी बी गळेपर्यंत बंद ठेवावा.

३. गवत फुलोऱ्यात असताना कापावे. वाळल्यावर त्याचा कस उतरतो.

४. समपातळी चर धूप झालेल्या जागीच खणावेत. चांगले गवत उकरू नये.

५. विरळ जागी पावसाच्या आरंभी पवन्या, डोंगरी व स्टायलो यांचे बी पेरावे. स्टायलो द्विदल असल्याने जमिनीस नत्र मिळते.

६. माळास आग लावू नये व त्यावर दाट वृक्षलागवड करू नये. सावलीत ही गवते टिकत नाहीत.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनी १९९० नंतरच्या दशकात पाणलोटाच्या कामांस चराईबंदीची जोड दिली. गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. परिणामी गावात चारा व दूध दोन्ही वाढले.

चराईचा नियम एकट्या शेतकऱ्याने पाळून भागत नाही. ग्रामपंचायतीने पशुपालकांस, विशेषतः मेंढपाळ बांधवांस विश्वासात घेऊन पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभेत पाळ्या ठरविणे हितावह होय.