धुण्याच्या पाण्याचा हिशेब बादलीवर करा

पिण्याचं पाणी आणि धुण्याचं पाणी एकाच वहीत मांडलं की हिशेब हमखास चुकतो. पिण्याला माणशी रोज पाच लिटर पुरतं. भारतीय मानकांनी माणशी १३५ लिटरची जी विभागणी धरली आहे, तीत कपड्यांना २० आणि भांड्यांना १० लिटर आहेत. म्हणजे पाच माणसांच्या घरात धुण्याभांड्यांना रोज १५० लिटर, पंधरा लिटरच्या दहा बादल्या. एवढं पाणी शुद्ध करायला निघण्याआधी ते कशापासून शुद्ध करायचं हे विचारायला हवं. साबणाशी भांडतात ते पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, आणि पांढऱ्या कपड्याला पिवळट-तांबूस करतं ते लोह. गढूळपणा सोडला तर पाण्यातल्या बाकी गोष्टींशी धुण्याला फारसं सोयरसुतक नाही. नंदगडकडे, जांभ्या दगडाच्या आणि दांडग्या पावसाच्या पट्ट्यात, उघड्या विहिरीचं पाणी सहसा हलकं असतं. बोअरला मात्र लोह येऊ शकतं. निपाणीकडे काळ्या मातीखालच्या खडकात खोल बोअर मारली की पाणी जड लागण्याचा संभव जास्त. रोग दोन वेगळे, पण विकणारा दोन्हीकडे एकच आरओ मशीन घेऊन येतो.

त्याचा दोन ग्लासांचा खेळ आता गावोगाव माहीत आहे. एका ग्लासात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हीत विजेच्या कांड्या बुडवल्या की नळाचं पाणी मिनिटाभरात चहासारखं होतं आणि घरातली बाई हबकते. तो गाळ पाण्यातला नसतो, कांडीचं लोखंड झिजून आलेला असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यातून फारशी वाहत नाही, एवढाच फरक. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून खेळ पुन्हा करायला सांगा, तेही तसंच काळवंडेल. टीडीएस मीटरचंही तेच. तो एकूण विरघळलेले क्षार मोजतो, त्यातले साबण खाणारे किती ते सांगत नाही. त्यापेक्षा अंगाच्या साध्या साबणाचा थोडासा कीस दोन बाटल्यांत टाका, एकीत आपलं पाणी, दुसरीत पागोळीचं, आणि दोन्ही सारख्याच हलवा. फेस धरतो की पांढरी साय येते, यात बरंच निदान होतं. पावडर मात्र वापरू नका. ती जड पाण्यातही फेसाळते आणि फसवते.

आता खर्च. पाणी उकळून वाफ धरायची तर लिटरला सुमारे ०.७ युनिट वीज लागते, आणि तीही काहीच वाया गेली नाही असं धरून. दिवसाला शंभरावर युनिटं! हा पर्याय बॅटरीच्या पाण्यापुरता ठीक. नाणं टाकून पाणी देणाऱ्या केंद्रावर २० लिटरला ५ रुपये धरले तरी महिन्याला ११२५ रुपये होतात, वर रोज साडेसात घागरी वाहण्याची हमाली. घरचा आरओ तासाला १५ लिटर देतो असं मानलं तर तो रोज दहा तास चालवावा लागेल, आणि एकाला तीन या मापाने ४५० लिटर पाणी मोरीत जाईल. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओवर बंदी आणायला केंद्राला सांगितलं, ते या नासाडीपायीच. यावर उत्तर येतं की वाया जाणारं पाणी धुण्याला घ्यावं. फरशीला, संडासाला जरूर घ्या. पण लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणाचं पाणी मशीनमध्ये गेलं तर मोरीत पडणारं ४०० च्या घरात जातं. म्हणजे धुण्यासाठी म्हणून घेतलेलं मशीन धुण्याचं पाणी आणखी जड करून देतं.

याच ३०० मिलिग्रॅमच्या पाण्याला धुण्याच्या सोड्याने काय होतं ते पाहा. पंधरा लिटरच्या बादलीत साडेचार ग्रॅम चुना धरला, तर तो साधारण २७ ग्रॅम साबण फेस येण्याआधीच खाऊन टाकतो. तेवढाच चुना खाली बसवायला खड्याचा सोडा लागतो १३ ग्रॅम, एक चमचाभर. सोडा किलोला ५० रुपये धरला तरी बादलीमागे ६५ पैसे. सोडा आधी टाकायचा, थोडा वेळ थांबायचं, मग साबण. खळबळायच्या बादल्यांना तो लागतही नाही, शेवटच्या एका बादलीत पागोळीचं पाणी असलं की झालं. हाताला सोडा चरचरतो, आणि रेशमी किंवा लोकरी कपड्याला तो चालत नाही, हे आक्षेप खरेच आहेत. त्या कपड्यांना पावसाचं पाणी राखून ठेवावं. ज्यांच्याकडे वॉशिंग मशीन रोज फिरतं, त्यांना मिठावर चालणारा सॉफ्टनर परवडू शकतो. चालवायचा खर्च म्हणजे रोज शंभर-दीडशे ग्रॅम मीठ, खरा बोजा आधीच्या किमतीचा. त्याचं खारं पाणी परसातल्या माडापोफळींच्या आळ्यात सोडू नका.

लोहाचं प्रकरण निराळं आहे आणि तिथेच पैसे सर्वांत जास्त वाया जातात. बोअरचं पाणी येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ असतं. बादली रात्रभर ठेवली की सकाळी वर तांबूस तवंग आणि तळाला गंजाचा थर. हवा लागल्यावर विरघळलेलं लोह खाली बसतं, तेव्हा उपायही हवाच. भोकं पाडलेल्या पाइपातून उंचावरून टाकीत पाणी पाडायचं, रात्रभर निवळू द्यायचं, वाळूतून गाळून घ्यायचं. खर्च एक पाइप, एक जुनी टाकी आणि वाळू. तुरटीने चिखल बसतो, पण तुरटीला लोहाचं औषध समजू नये. ब्लीचिंग पावडरने कपड्यावरचा लोहाचा डाग निघत नाही, उलट पक्का होतो. त्याला लिंबू लावा. असं लोहाचं पाणी थेट सॉफ्टनरमध्ये सोडलं तर त्यातली राळ लवकरच गंजाने माखते आणि मग दुरुस्तीची पावती येते.

पावसाचं पाणी चारच महिने असतं, साठवणार किती, हा सर्वांत वजनदार आक्षेप. तो मला मान्य आहे. ५० चौरस मीटर कौलांवर १००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा भाग वाया गेला तरी ४० हजार लिटर येतात. पण उरलेले आठ महिने रोज १५० लिटर पुरवायला ३६ हजार लिटरची टाकी लागेल, आणि ती कुणाला परवडते? म्हणून टाकी हजार लिटरची पुरे. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायचं, पुढच्याने पावसाळाभर धुवायचं, आणि वरचं पाणी गाळून विहिरीत उतरवायचं. कणकुंबीकडच्या कळसा-भांडुराच्या पाण्यासाठी तीन राज्यं पाणीतंटा लवादापुढे भांडली, २०१८ मध्ये निवाडाही झाला. आपल्या कौलांवरून ओघळणाऱ्या पाण्याला कुणाची हरकत नाही. पन्हळ, एक जाळी आणि विहिरीपर्यंतचा पाइप यांचा दर आधी गावातल्या प्लंबरला विचारा. तो आकडा हातात आल्यावर मशीनवाल्याला घरात घ्या.