करवंदांची बरणी आणि अर्धी साखर : फळं टिकवण्याचा एक पाठ



परदेशी गोष्टींच्या पुस्तकात आजी हिवाळ्यासाठी बेरीचा मुरंबा करून ठेवते, बाहेर बर्फ पडतो आणि मुलं पावाला तो लावून खातात. ही गोष्ट वर्गात वाचताना एका मुलीने विचारलं, "बाई, आपण हिवाळ्यासाठी का नाही ठेवत?" प्रश्न चांगला होता. थंड देशांत हिवाळ्यात काही पिकत नाही, म्हणून तिथली बेगमी हिवाळ्याची. आपल्या कोकणात रानमेव्याची बेगमी असते ती पावसाळ्याची. करवंदं, रातांबे, जांभळं सगळं एप्रिल-मे मध्ये एकदम येतं, आणि जूनमध्ये एकदा पाऊस लागला की ऊन मिळणार नाही हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून मे महिन्यात अंगणात ती घाई!

त्या प्रश्नावरूनच आम्ही सहावी-सातवीला हा पाठ घेतला. पहिल्या वर्षी तो चांगलाच फसला. ते आधी सांगते, कारण शिकायला मिळालं ते त्यातूनच.

वार्षिक परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुलांनी डोंगरावरून करवंदं आणली. काळी पिकलेली आणि काही लालसर, अर्धी कच्ची. आमच्याकडे बाजारात 'डोंगराची काळी मैना' म्हणून ओरडून विकतात तीच ही. चीक हाताला लागतो म्हणून मुलांनी आधी खोबरेल चोळलं, मग देठ काढले. फळं वाफवून, पुरणयंत्रातून काढून एक किलो गर निघाला. आता साखर किती? घरोघरचं माप गराइतकीच साखर. पण एका पालकांनी आधीच सुचवलं होतं, "बाई, मुलांना एवढी साखर नको." मलाही ते पटलं. आम्ही अर्धा किलो घातली, जॅम शिजवला, चव पाहिली (फारच छान लागली), बरणीत भरला आणि कपाटात ठेवला. पंधरा जूनला शाळा उघडली की पोळीबरोबर खायचा असं ठरलं.

पंधरा जूनला बरणी उघडली. वर पांढऱ्या-हिरव्या बुरशीची जाड चादर! मुलं गप्प झाली. एक जण म्हणाला, "वरचं काढून खाऊ या ना, आजी तसंच करते." मी नाही म्हटलं, आणि का नाही ते सांगावं लागलं. बुरशीचा दिसतो तो फक्त वरचा भाग असतो. तिचे बारीक तंतू खाली पाकात उतरलेले असतात आणि काही बुरश्या विषारी द्रव्यं सोडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पातळ किंवा मऊ पदार्थाला बुरशी आली की पूर्ण बरणी टाकायची, मन कितीही खाल्लं तरी. ती बरणी आम्ही खड्ड्यात पुरली. दोन मुलींच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण करवंदं तोडताना काट्यांनी त्यांचे हात ओरबाडले होते.

मग वर्गात प्रश्न आला : करवंद तर एवढं आंबट, आंबट पदार्थ टिकतात असं आपणच शिकवतो, मग हा का नासला?

इथे विज्ञानाचा पाठ खरा सुरू होतो. फळ नासवणारे जीव एकाच जातीचे नसतात. जिवाणूंपैकी बरेच आंबटपणा सोसत नाहीत. सामू ४.६ च्या खाली असला की सगळ्यात धोकादायक, बॉटुलिझम घडवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. करवंद, कोकम, स्ट्रॉबेरी या रेषेच्या बरीच खाली असतात, म्हणून घरच्या बरणीत ती ठेवणं सुरक्षित. (पालकांनो, याच कारणासाठी मटार, मक्याचे दाणे किंवा फरसबी घरी नुसती उकळून बाटलीत बंद करून ठेवू नका. ती आंबट नसतात. त्यांना फ्रीझरच बरा.) पण बुरशी आणि यीस्टला आंबटपणाचं काही वाटत नाही. त्यांना अडवायचं तर पाणी तोडावं लागतं. साखर आणि मीठ तेच काम करतात. पाणी पदार्थात असतं, पण साखरेने ते असं धरून ठेवलेलं असतं की बुरशीच्या वाट्याला येत नाही. बुरशीच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. पाचवीतल्या मुलांना हे दाखवायचं असेल तर काकडीच्या चकतीवर मीठ टाका आणि दहा मिनिटं थांबा, चकतीला पाणी सुटलेलं दिसेल.

म्हणजे साखर फक्त गोडीसाठी नव्हती, ती राखणदार होती. आणि राखणदार आम्ही अर्धे केले होते.

जॅम बाहेर टिकायला त्यात विरघळलेला घन भाग साधारण ६५ टक्के असावा लागतो. बाजारच्या जॅमसाठीही हाच आकडा धरतात. मग मी फळ्यावर गणित मांडलं, आणि खरं सांगते, शेकडेवारीच्या सगळ्या धड्यात मुलं एवढी कधी रमली नव्हती. एक किलो गरात घन भाग साधारण १५० ग्रॅम धरा, बाकी पाणी. एक किलो साखर घातली की घन भाग झाला ११५० ग्रॅम. हा ६५ टक्के व्हायला एकूण वजन हवं ११५० ÷ ०.६५, म्हणजे सुमारे १७७० ग्रॅम. दोन किलोतून फक्त २३० ग्रॅम पाणी आटवायचं. आता आमची चूक पाहा. अर्धा किलो साखर घातली तर घन भाग ६५० ग्रॅम, म्हणजे जॅम आटून बरोबर एक किलो व्हायला हवा होता. दीड किलोतून अर्धा किलो पाणी उडवायला हवं होतं! आम्ही तेवढा वेळ शिजवलाच नाही. नोंदवहीत उतरवलेलं वजन १३०० ग्रॅम होतं. ६५० भागिले १३०० म्हणजे ५० टक्के. एका मुलाने हे उत्तर माझ्याआधी काढलं आणि म्हणाला, "बाई, बुरशीला निम्मं पाणी आपणच दिलं."

तेव्हा पालकांची काळजी चुकीची नव्हती, आमची कृती अपुरी होती. कमी साखरेचा जॅम हवा असेल तर दोन मार्ग आहेत. जास्त आटवा आणि कमी जॅम मिळेल हे मान्य करा (घन भाग ६५ टक्केच राहणार, म्हणजे तो कमी गोड नाही, फक्त त्यात फळ जास्त). नाहीतर थोडा करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. अर्धी साखर घालून कपाटात ठेवायचा तिसरा मार्ग नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही काट्यावर पातेलं आधी रिकामं तोललं, मग भरलेलं, मग शिजताना दोन वेळा. पातेलं स्टीलचं घ्या. आंबट फळ ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात नको. अर्धी कच्ची करवंदं मुद्दाम घालायची, कारण कच्च्या फळात पेक्टिन जास्त असतं आणि त्यानेच जॅम धरतो. फार काळी, मऊ करवंदं घेतली तर चव चांगली पण पाक वाहतो. काटा नसेल तर ताटलीची परीक्षा करा : ताटली फ्रीजमध्ये गार करायची, त्यावर थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने ढकलायचा. सुरकुती पडली की झालं. बरण्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून पूर्ण कोरड्या करायच्या आणि जॅम गरम असतानाच काठोकाठ भरायचा. हे गरम काम मोठ्यांनीच करावं, मुलांना वजन, नोंदी आणि लेबलं द्यावीत. उकळता साखरपाक पाण्यापेक्षा वाईट भाजतो.

तापमापीने करणाऱ्यांसाठी एक सूचना. पुस्तकात लिहिलेलं असतं, १०५ अंशाला जॅम तयार. ते समुद्रसपाटीचं आहे, आम्हा किनारपट्टीच्या लोकांना चालतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या शिक्षकांनी ते तसंच पाळलं तर जॅम चिक्कीसारखा होईल. साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. महाबळेश्वर जवळजवळ १३५० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं. म्हणून नियम असा लक्षात ठेवा : तुमच्या गावी पाणी ज्या अंशाला उकळतं त्याच्या वर साडेचार-पाच अंश. भूगोल आणि विज्ञान एकाच तासात!

महाबळेश्वरचं नाव निघालंच आहे तर स्ट्रॉबेरी. तिचं सगळंच उलटं. ती थंडीत पिकते आणि आपण ती उन्हाळ्यासाठी ठेवतो. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राप्रमाणे स्ट्रॉबेरी ही बेरी, म्हणजे मृदुफळ, नाहीच. वांगं, टोमॅटो, करवंद आणि रातांबा ही खरी मृदुफळं. हे सांगितलं की वर्ग वांग्याच्या जॅमवर दहा मिनिटं हसतो, हसू द्यावं. ताज्या स्ट्रॉबेरी आणल्या की धुऊन फ्रीजमध्ये ठेवू नका. ओल्या झाल्या की दुसऱ्या दिवशी बुरशी. आधी डागाळलेली फळं काढा, बाकीची कागदावर पसरून ठेवा आणि खाताना धुवा. फ्रीझरला ठेवायच्या तर धुवा, फडक्यावर पूर्ण कोरड्या करा, देठ काढा, ताटात एकमेकींना न चिकटता गोठवा आणि मग पिशवीत भरा. उणे १८ अंशाला आठ-दहा महिने राहतात. बाहेर काढल्यावर मऊ पडतात, कारण बर्फाचे स्फटिक पेशीभित्ती फोडतात. सरबताला चालतात, नुसत्या खायला नाही. जांभळाचा गरही असाच गोठवता येतो.

पण जुलैत आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते. तेव्हा फ्रीझरमधलं सगळं वितळतं, आणि शाबूत राहतं ते फक्त कोकम.

रातांब्याची रीत मुलांनी घरच्या आज्यांकडून लिहून आणली होती, ती पाहून मला माझ्याच पाठाची लाज वाटली. पाणी तोडायचं हे सगळं त्यांच्या हातात आधीपासून होतं. रातांबे कापून सालं वेगळी करायची आणि उन्हात घालायची. बिया आणि गर मीठ घालून ठेवायचा, त्याला सुटलेला रस म्हणजे आगळ. अर्धवट वाळलेली सालं या खारट रसात बुडवायची आणि पुन्हा वाळवायची. चार-पाच वेळा असं पुट दिलं की काळीभोर, मऊ आमसुलं होतात. ऊन, मीठ आणि आम्ल अशी तीन कुलपं एकाच पदार्थाला! मुलांनी विचारलं, एकदाच वाळवून का नाही भागत? नुसतं वाळवलं तर सालं कडकडीत आणि फिकी होतात. प्रत्येक पुटाबरोबर आंबटपणा आणि मीठ आत जातं. उरलेल्या बियांतून मुठेल निघतं, ते टाचेच्या भेगांना लावतात. अमृत कोकमात मीठाची जागा साखर घेते. वाट्यांसारख्या सालांत साखर भरून बरणीत रचायची, सालांच्या दुप्पट साखर, आणि बरणी आठवडाभर उन्हात. इथे साखर कमी केली की बरणी फसफसते. ते यीस्ट.

आगळाचा एक प्रयोग जरूर करा. चमचाभर आगळ पाण्यात घालून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फेस येईल आणि लाल रंग जाऊन निळसर-काळपट झाक येईल. लिंबू पिळलं की लाल परत. लिटमस कागद नसलेल्या शाळेत आम्ही यावरच आम्ल-आम्लारीचा तास घेतो.

यंदाच्या बरणीवर मुलांनी तीन गोष्टी लिहिल्यात : तारीख, शिजवण्याआधीचं वजन, नंतरचं वजन. खाली लाल शाईत, कोणी सांगितलं नव्हतं तरी, "ओला चमचा घालणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिले जाईल." पंधरा जूनला ही बरणी उघडली, चाळीस पोळ्यांना पुरली. ज्या पालकांनी साखरेचं सुचवलं होतं त्यांच्या मुलीनेच झाकण उघडलं, आधी वास घेतला, मग आत डोकावून पाहिलं आणि मागे वळून म्हणाली, "या."