विंचेस्टरचा पाणबुड्या

इंग्लंडच्या दक्षिण भागात विंचेस्टर नावाचे पुरातन नगर आहे. आल्फ्रेड राजाची ही राजधानी. तेथील किल्ल्यातील दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेले भले मोठे गोल मेज लोक आर्थर राजाचे समजत. वस्तुतः ते तेराव्या शतकातले आहे. ते पाहून प्रवासी कॅथीड्रलकडे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चकडे, वळतो. १०७९ साली बांधावयास घेतलेली ही वास्तू मान उंचावून पाहावी अशीच आहे. परंतु तिची खरी कथा जमिनीखाली आहे.

तेथील जमीन दलदलीची. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅथीड्रल खचू लागले, भिंतींना रुंद भेगा पडल्या. पाया भक्कम करण्यासाठी खड्डे खणले, तो त्यांत पाणी भरले. ते उपसावे, तर इमारतच कोसळण्याचे भय!

तेव्हा १९०६ साली विल्यम वॉकर या पाणबुड्यास पाचारण करण्यात आले. जड पोशाख चढवून तो रोज सुमारे सहा तास त्या गढूळ पाण्यात काम करी. खाली मिट्ट काळोख. केवळ हातांनी चाचपडत तो काँक्रीटच्या गोण्या रची. त्यांनी तळ बंद झाला, की पाणी उपसता येई आणि मग गवंडी वर विटांचा पाया बांधीत. २५ हजारांहून अधिक गोण्या त्याने रचल्या! १९११ साली त्याचे काम संपले. कॅथीड्रल वाचले.

पुढे वॉकरचा पुतळा बसविण्यात आला, पण चुकून त्याला कामावरील इंजिनिअरचा चेहरा देण्यात आला होता. खऱ्या वॉकरचा पुतळा उभा राहण्यास २००१ साल उजाडावे लागले.