परीक्षेआधी पोट का बिघडते?

प्रश्न : परीक्षा जवळ आली की छाती धडधडते आणि पोट बिघडते, हे कशामुळे?

उत्तर : मेंदूला धोक्याची चाहूल लागताच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणारे रसायन, स्रवते, त्यामुळे हृदयाची गती वाढते, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते आणि जठराचे काम मंदावते; तणावात मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते. काही मिनिटांनी त्याच ग्रंथींतून येणारे कॉर्टिसॉल रक्तातील साखर चढती ठेवते. वाघापासून पळताना उपयोगी पडणारी ही तयारी प्रश्नपत्रिकेपुढे बहुतांशी वाया जाते. हृदयगतीवर थेट ताबा नसला तरी श्वास इच्छेने बदलता येतो, आणि उच्छ्वास लांबवत मिनिटाला सुमारे ६ श्वास घेतल्यास हृदय संथ करणाऱ्या व्हेगस चेतातंतूचा प्रभाव वाढतो. छातीत दुखत असल्यास मात्र वैद्यकीय तपासणी लांबणीवर टाकू नये.