दुःख : शिक्षा की शिक्षण?



आजचे दुसरे वाचन इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 12 व्या अध्यायातील आहे. बाप जसा आपल्या मुलाला वळण लावतो, तसा देव आपल्या लेकरांना लावतो आणि ते वळण लागताना दुखते, असा त्याचा आशय आहे. सामान्य काळातील 21 व्या रविवारी, दर तीन वर्षांनी, हे वाचन आपल्यापुढे येते. ते ऐकले की मला मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरचे घर आठवते.

बऱ्याच वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आम्ही काही जण धान्य व कपडे घेऊन तेथे गेलो होतो. त्या घरातले दीड वर्षाचे मूल आठवड्यापूर्वीच दगावले होते. सांत्वनाचे काहीतरी बोलले पाहिजे म्हणून मी त्या आईला म्हणालो, "ताई, देवाचं ज्याच्यावर प्रेम असतं त्यालाच तो पारखतो." ती काही बोलली नाही. तिने आम्हाला कोरा चहा दिला. निघताना मात्र तिने विचारले, "गाडी वेळेवर आली असती तर पोर वाचलं असतं ना?" मला उत्तर देता आले नाही. वचन खरे होते, परंतु ते तिला ऐकवण्याचा अधिकार मला कोणी दिला नव्हता.

तेव्हापासून मी हा अध्याय अधिक सावकाश वाचू लागलो. त्यात वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'पायदेइया' असा आहे. मुलाला वाढवणे, शिकवणे, शिस्त लावणे हे सारे त्यात येते. आपल्या भाषेतही 'शिक्षा' आणि 'शिक्षण' एकाच मुळातून आले आहेत, पण व्यवहारात आपण शिक्षा म्हणजे केवळ दंड असे धरून बसलो आहोत. त्यामुळे दुःख आले की आपला पहिला प्रश्न असतो, माझे काय चुकले? आणि शेजाऱ्यावर दुःख आले की, त्याचे काय चुकले असेल? दुसरा प्रश्न आपण जरा जास्तच आवडीने विचारतो!

हे पत्र ज्यांना लिहिले ते ख्रिस्ती लोक छळ सोसत होते. त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, काहींना तुरुंगवास घडला होता (10:32-34). ही लूट देवाने केली असे पत्रात कोठेही म्हटलेले नाही. अन्याय माणसांनी केला होता. पण त्या अन्यायातही बाप आपल्या लेकरांना सोडून गेला नाही, उलट त्यातूनच त्यांना घडवीत राहिला, असे लेखक सांगतो. दुःख कोठून आले आणि देव त्यातून काय घडवतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी त्या आईसमोर त्यांची गल्लत केली होती.

जव्हार आणि मोखाडा हे आपल्याच वसई धर्मप्रांतातले तालुके. 1992-93 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने शंभराहून अधिक बालके मरण पावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. पुढे 1995 साली नवसंजीवनी योजना आली. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना 2015 साली सुरू झाली. तरी 2016 साली मोखाड्यातील बालमृत्यू पुन्हा वर्तमानपत्रांत आले. 2022 च्या ऑगस्टमध्ये याच तालुक्यात एका मातेची जुळी बाळे जन्मल्यावर दगावली आणि रस्ता नसल्याने तिला झोळीत घालून डोंगरवाटेने न्यावे लागले.

ही बालके का मेली? पावसाळ्यात घरातले धान्य संपते आणि हाताला मजुरी नसते. आई स्वतःच अशक्त असते, त्यामुळे बाळ कमी वजनाचे जन्मते. ओढ्याला पूर आला की पाडा तुटतो. नागली आणि वरई उतारावर पिकते ती वर्षभर पुरत नाही, म्हणून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि मुलांचा अंगणवाडीतला घास मागे राहतो. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. यात कोठेही त्या बालकांचे पाप नाही, त्यांच्या आईबापांचेही नाही.

प्रभू येशूने हे स्पष्ट केले आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले आणि लगेच त्याला बरे करण्याच्या कामाला लागला (योहान 9). सिलोआमचा बुरूज कोसळून 18 माणसे मेली, तेव्हाही मेलेले अधिक पापी नव्हते असे सांगून त्याने ऐकणाऱ्यांना, म्हणजे जिवंत असलेल्यांना, पश्चात्तापाची हाक दिली (लूक 13). ईयोबाच्या मित्रांनाही शेवटी देवाकडून बोल खावे लागले, कारण त्यांनी दुःखिताला त्याचे पाप शिकवले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी दुःखाविषयी प्रेषितीय पत्र लिहिले, त्यात निष्पाप माणसाच्या दुःखासाठी ईयोबाचेच उदाहरण घेतले आणि अखेरीस चांगल्या शोमरोनीकडे वळले.

मग देव दुःखातून सुधारतो हे खोटे का? मुळीच नाही. काही वर्षांपूर्वी कंबरेच्या दुखण्याने मी दोन महिने अंथरुणावर होतो. एरवी घरात माझाच शब्द चालायचा. आता कूस बदलायलाही पत्नीला हाक मारावी लागे, आणि तिने आजवर किती हाका निमूटपणे ऐकल्या हे मला तेव्हा कळले. बांधाच्या वादावरून धाकट्या भावाशी सहा वर्षे अबोला होता. पडल्या पडल्या त्याला फोन केला. पापनिवेदनात ही गोष्ट मी दर वेळी टाळत आलो होतो. त्या दुखण्याला मी देवाचे शिक्षण म्हणतो. पण हे मी माझ्यापुरते आणि बरे वाटू लागल्यावर म्हणतो. त्या दिवसांत कोणी उशाशी बसून मला हेच सुनावले असते, तर मी बरा होताच प्रथम त्याला दाराबाहेर काढले असते! आणि दुखणे देवाने दिले म्हणून मी औषध घेणे थांबवले नाही, हेही सांगितले पाहिजे. पोराला ताप आला की देवाची परीक्षा म्हणून घरी थांबणे हा विश्वास नव्हे. 108 ला फोन करणे हाही विश्वासच आहे.

आजचे वाचन जेथे थांबते तेथे आपले लक्ष सहसा जात नाही. शिस्तीविषयी सांगून झाल्यावर लेखक लगेच गळालेल्या हातांविषयी आणि लटपटत्या गुडघ्यांविषयी बोलतो. वाटा सरळ करा, म्हणजे लंगड्याचा पाय आणखी मुरगळणार नाही, असे तो विनवतो (12:12-13). देवाने ज्याला वळण लावले, तो दुसऱ्यासाठी वाट नीट करू लागतो. मोखाड्याच्या झोळीत निजलेली माता डोळ्यांपुढे आणली की हे वचन निव्वळ अलंकारिक राहत नाही.

आपल्यापैकी अनेकांची घरे ज्या विटांनी उभी आहेत, त्यांतल्या कितीतरी या माणसांच्या हातच्या आहेत. दिवाळीनंतर ती पुन्हा भट्ट्यांवर येतील. त्यांच्या लहान मुलांना जवळच्या अंगणवाडीत पोषण आहार मिळू शकतो, मात्र कोणीतरी भट्टीवर जाऊन मुलांची नोंद करावी लागते आणि आईला तेथवर सोबत न्यावे लागते. या कामासाठी ज्यांना आठवड्यातून एक सकाळ देता येईल, त्यांनी आज दुसऱ्या मिस्सानंतर धर्मशिक्षण वर्गात थांबावे. कोणाकडे मुलांचे वजन करण्याचा काटा पडून असेल, तर तोही घेऊन यावा.