चिमुकल्या अश्वाची शुश्रूषा

घोडा म्हटला की डौलदार मान, रुंद छाती आणि दौडताना वाऱ्यावर उडणारी आयाळ असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पुरता वाढल्यावरही ज्याची पाठ बारा वर्षांच्या मुलाच्या कमरेइतकीच उंच असते, असाही एक घोडा आहे. त्याला ‘मिनिएचर’ घोडा म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा घोड्यांच्या नोंदणीसाठी १९७८ साली एक संस्था स्थापन झाली. तिच्या नियमाप्रमाणे, आयाळीचे शेवटचे केस जेथे संपतात तेथे मोजलेली घोड्याची उंची ३४ इंचांहून, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरांहून, अधिक असता कामा नये. मोठ्या घोड्याचे वजन ४५० ते ५०० किलोग्रॅम भरते, तर हा बहुधा शंभर किलोग्रॅमच्या आसपास असतो. स्वभावाने तो गरीब व माणसाळलेला असतो. म्हणून तिकडे पुष्कळ घरी मुलांचा सोबती म्हणून त्याला पाळतात, आणि काही ठिकाणी रुग्णालयातील आजारी मुलांच्या भेटीसही नेतात.

हा प्राणी दिसावयास खेळण्यासारखा असला, तरी त्याचे पोट हे खऱ्या घोड्याचेच पोट असते. ते कसे असते, हे समजल्यावाचून त्याचे दुखणे समजावयाचे नाही.

बैल भराभर चारा गिळतो आणि मग सावलीत बसून सावकाश रवंथ करतो. त्याच्या पोटात चारा साठवावयास मोठी जागा असते. घोड्याचे तसे नाही. तो रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते. मोठ्या घोड्याच्या जठरातही फार तर १५ लिटर मावतात. रानात मोकळा असलेला घोडा दिवसाचा व रात्रीचाही बराचसा वेळ चरत असतो. थोडे थोडे खावे, पण पुन्हा पुन्हा खावे, हा त्याच्या देहाचा धर्म आहे. जठरापुढे लहान आतड्याची लांबच लांब नळी आणि तिच्यापुढे प्रचंड मोठे आतडे अशी रचना असते. हे मोठे आतडे पोटात दुमडून बसविलेले असते. एके ठिकाणी ते केसातल्या आकड्यासारखे वळते, आणि नेमके तेथेच अरुंद होते. कोरडा चारा अडकावयास ही जागा फार सोयीची! शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेला पदार्थ उलट बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे पोटात कोठे अडथळा झाला, की वायू आणि द्रव साचत जातात, आतडे ताणले जाते आणि असह्य वेदना सुरू होतात. या पोटदुखीलाच शूळ म्हणतात.

आता अमेरिकेतील एका शेतावरच्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. हिवाळ्याचे दिवस आहेत. तबेल्यातील पाणी बर्फासारखे थंड झाले आहे, म्हणून तेथील चिमुकला घोडा पाणी नेहमीपेक्षा कमी पीत आहे. एके दिवशी संध्याकाळी घरातील मुलगी त्याला वैरण घालावयास गेली, तो त्याने वैरणीकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो पुढच्या खुराने जमीन उकरू लागला, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागला, आणि थोड्या वेळाने खाली पडून लोळू लागला. सकाळपासून त्याने लीदही टाकली नव्हती. मुलीने धावत जाऊन वडिलांना सांगितले व वडिलांनी पशुवैद्याला बोलाविले.

पशुवैद्याने प्रथम नाडी पाहिली. स्वस्थ उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे हृदय मिनिटाला २८ ते ४४ वेळा पडते. चिमुकल्या घोड्याचे थोडे अधिक पडते. परंतु याचे तर ऐंशीच्या वर गेले होते. कुशीला नळी लावून ऐकले, तर आतड्यांची नेहमीची गुडगुड जवळजवळ थांबली होती. मग नाकावाटे जठरात एक लवचिक नळी घालून साचलेला द्रव बाहेर काढण्यात आला. कारण घोड्याला स्वतः तो ओकता येत नाही. मोठ्या घोड्याच्या पोटाची तपासणी करताना पशुवैद्य गुदद्वारातून हात घालून आतडी चाचपतात. इतक्या लहान घोड्यात ते शक्य नसते. मात्र लहान असल्यामुळेच त्याच्या पोटाचे क्ष-किरण चित्र चांगले घेता येते. त्या चित्रात आतड्यात अडकलेला कठीण गोळा दिसला. औषधाने तो सुटेना.

“शस्त्रक्रिया केली तर आशा आहे, खात्री नाही,” पशुवैद्य म्हणाले. “न केली, तर आशाही नाही.”

त्याच रात्री त्याला पशुरुग्णालयात नेण्यात आले. गुंगी देऊन त्याला उताणे निजविण्यात आले. पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेऊन आतडे बाहेर काढले, त्याला लहानशी चीर देऊन अडकलेला गोळा पाण्याने धुऊन काढला, आणि आतडे व पोट थर थर करून शिवले. गुंगी उतरताना मोठा घोडा धडपडत उठू पाहतो आणि प्रसंगी आपला पाय मोडून घेतो. या चिमुकल्याला मात्र दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून हलकेच उभे केले. शस्त्रक्रियेचे काम काही तासांत संपले. परंतु घोडा बरा करण्याचे काम तेव्हा कोठे सुरू झाले होते.

हे काम तारेवरच्या कसरतीसारखे असते. नुकत्याच शिवलेल्या आतड्यावर चाऱ्याचा भार पडू देता येत नाही. परंतु चिमुकल्या घोड्याला फार काळ उपाशीही ठेवता येत नाही. कारण उपवास घडला, की त्याचे शरीर साठविलेली चरबी एकदम रक्तात सोडू लागते. त्याच्या रक्ताचा नमुना काचेच्या नळीत स्थिर ठेवला, तर वरचा द्रव एरवी स्वच्छ पिवळसर दिसतो; अशा वेळी तो दुधासारखा गढूळ दिसतो. ही चरबी यकृतात साचते आणि प्राणावर बेतते. मोठ्या घोड्यांपेक्षा तट्टे, गाढवे व हे चिमुकले घोडे यांना हा धोका फार अधिक असतो. म्हणून शिरेतून साखरेचे पाणी देत देत, दर काही तासांनी केवळ मूठभर हिरवे गवत, एवढ्यावरच आरंभ करावा लागतो. तिसऱ्या दिवशी घोड्याने पहिली लीद टाकली, तेव्हा रुग्णालयातील माणसांना आनंद झाला. इतरांना घाण वाटणारी ती वस्तू त्यांच्या दृष्टीने आतडी पुन्हा चालू झाल्याची ग्वाही होती.

पण आनंद फार टिकला नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी घोडा पुन्हा मलूल दिसू लागला. गवताचे दोन घास घ्यावेत आणि तोंड फिरवावे. मधूनच करकर दात खावेत. शूळ उलटला की काय, अशी शंका सर्वांच्या मनात आली. पशुवैद्यांनी टोकाला प्रकाश व कॅमेरा असलेली लांब लवचिक नळी त्याच्या जठरात सोडून पाहिले. जठराच्या आतील बाजूस लाल व्रण पडले होते.

हे व्रण कोठून आले? माणसाच्या प्रमाणेच घोड्याच्या जठरातही आम्ल तयार होते. परंतु घोड्याच्या जठरात ते खाणे असो वा नसो, रात्रंदिवस पाझरतच असते. त्याला सौम्य करणारी लाळ मात्र घोडा चावीत असेल तेव्हाच सुटते. शिवाय जठराच्या खालच्या भागाला चिकट स्रावाचे संरक्षक आवरण असते. वरच्या भागाला ते नसते. चरणारा घोडा सतत चावतो, सतत लाळ गिळतो आणि पोटात चाऱ्याचा थर राखतो. त्यामुळे आम्ल वर उसळत नाही. उपवासात हे तिन्ही बांध फुटतात आणि आम्ल वरच्या कोवळ्या अस्तराला भाजून काढते. त्यात वेदनाशामक औषधांची भर पडते. ती देणे भाग असते; पण तीच औषधे जठराचे संरक्षक आवरणही दुबळे करतात. परक्या जागेची भीती आणि सोबत्यांचा विरह यांनीही घोड्याला त्रास होतो. म्हणजे ज्या उपायांनी प्राण वाचला, त्यांतूनच दुसरे दुखणे उद्भवले होते!

व्रणांवर औषध आहे. ओमेप्राझोल हे त्याचे नाव. ते आम्लाची निर्मिती कमी करते. घोड्यांसाठी ते मलमासारखे घट्ट स्वरूपात मिळते आणि दिवसातून एकदा, खाण्याच्या आधी, जिभेवर ठेवतात. व्रण भरून येण्यास साधारणतः चार आठवडे लागतात. घोडा दोन दिवसांत हुशार दिसू लागला, म्हणून औषध मधेच थांबविणे हा घातक उतावीळपणा होय. औषध किती व किती दिवस द्यावयाचे, हे पशुवैद्यानेच ठरवावयाचे असते.

घोडा घरी आला तेव्हा त्याच्या बरगड्या दिसत होत्या. मुलीला गहिवरून आले. पूर्वी तो चंदीची बादली वाजली की खिंकाळत असे. ती धान्याने भरलेले पातेले घेऊन तबेल्याकडे निघाली. पशुवैद्यांनी तिला वाटेतच थांबविले.

“तुला त्याचे लाड करावयाचे आहेत ना?” ते म्हणाले. “मग हे पातेले ठेवून दे. दिवसातून आठ वेळा त्याच्याकडे जा आणि प्रत्येक वेळी थोडे गवत दे. त्याला एक मोठी मेजवानी नको आहे. त्याला दिवसभराचे चरणे हवे आहे.”

पातेलेभर धान्य देणे सोपे होते. आठ फेऱ्या घालणे कठीण होते. मुलीने कठीण ते पत्करले.

तिने एक वही केली. सकाळ-संध्याकाळ घोड्याचे तापमान, लीद किती वेळा पडली, पाणी किती प्याला, वैरण किती उरली, हे सर्व ती त्यात लिही. तापमान ३८.५ अंश सेल्सियसच्या वर गेले, किंवा पोटाच्या टाक्यांवर सूज अथवा ओल दिसली, तर तत्काळ कळवावयाचे होते. पहिला महिनाभर घोड्याला धावू द्यावयाचे नव्हते. कारण धावण्याच्या झटक्याने पोटाची शिवण उसवून आतडे बाहेर डोकावण्याचा संभव असतो. म्हणून ती त्याला दोरीने धरून हळूहळू फिरवी आणि कुंपणाकडेचे गवत हुंगू देई. दुसऱ्या महिन्यात त्याला लहानशा आवारात मोकळे सोडण्यात आले. तिसऱ्या महिन्यात तो कुरणात गेला.

दरम्यान, मूळ कारणांकडेही लक्ष देण्यात आले. थंडीत त्याला कोमट पाणी मिळू लागले. कारण गारठ्यात घोडे कोमट पाणी अधिक पितात. पशुवैद्यांनी त्याचे तोंड उघडून दाढा तपासल्या. चिमुकल्या घोड्याचा जबडा लहान असतो, पण दात त्या मानाने तितके लहान नसतात. त्यामुळे ते दाटीवाटीने वाकडे उगवतात, चारा नीट चावला जात नाही आणि तोच पुढे आतड्यात अडकतो. दाढांची धार कानशीने घासून नीट करण्यात आली. वैरण बारीक छिद्रांच्या जाळीत टांगण्यात आली, म्हणजे घास लहान निघावा आणि खाणे लांबावे. शेजारच्या ठाणात दुसरा घोडा बांधण्यात आला. कारण घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे आणि सोबती दिसत असला की त्याचे चित्त स्वस्थ राहते.

वसंत ऋतू आला. एके दिवशी मुलगी कुरणाच्या फाटकापाशी गेली. तिच्या हातात बादली नव्हती की पातेले नव्हते. घोड्याने मान वर केली, एकदा खिंकाळून तिच्याकडे पाहिले, आणि पुन्हा खाली मान घालून तो सावकाश गवत चावू लागला. मुलीने वही उघडली आणि त्या दिवशीच्या पानावर लिहिले: ‘दिवसभर चरत होता.’

स्वाध्याय

१. घोड्याच्या पोटाची रचना बैलाच्या पोटाहून कशी वेगळी आहे?
२. चिमुकल्या घोड्याला फार काळ उपाशी ठेवणे धोक्याचे का असते?
३. जठरात व्रण पडण्याची कारणे सांगा.
४. ‘पातेलेभर धान्य देणे सोपे होते. आठ फेऱ्या घालणे कठीण होते.’ या वाक्यांतील अर्थ स्पष्ट करा.
५. तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे जनावर असल्यास आठवडाभर त्याचे खाणे-पिणे पाहा व रोजची नोंद वहीत लिहा.