पाण्यातील मास्कच्या प्लास्टिक काचेची निगा

स्कूबा मास्कला सामान्यतः कणखर काच असते. मालवण किनारी समुद्रतळ दाखविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही स्वस्त मास्कना मात्र पॉलिकार्बोनेटचे प्लास्टिक असते. नव्या काचेवरील तेलकट थर घालविण्यासाठी पाणबुडे टूथपेस्ट चोळतात. तोच प्रयोग प्लास्टिकवर केल्यास असंख्य बारीक ओरखडे पडतात आणि ते बुजत नाहीत. धूसर मास्कमधून नवशिक्याला मार्गदर्शकाच्या हाताच्या खुणा नीट दिसत नाहीत, हा खरा धोका होय.

वापरानंतर मास्क प्रथम गोड्या पाण्यात बुडवावा. कोरड्या फडक्याने पुसल्यास वाळू व मिठाचे कणच पॉलिश कागदाचे काम करतात. थिनर, ॲसिटोन वर्ज्य. वाफ धरू नये म्हणून पातळ केलेला शाम्पू बोटाने लावून विसळावा. थुंकीची जुनी रीत निरुपद्रवी खरी. पण अनेकांनी वापरावयाच्या मास्कला ती शोभत नाही. मास्क सावलीत वाळवावा.